मौनबाबांचं मलम

डेपोच्या आवारात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं, शिवाय बस सुटेना म्हणून खोळंबलेले प्रवासी, सगळे हायड्रोजन भरायच्या शेडकडे तोंड करून उभे होते. शेडच्या छताखालचा भोंगा कानठळ्या बसवत होता. हवेत हायड्रोजन आहे असं छताखालच्या सेन्सरना कळलं की भोंगा वाजतो आणि गॅसचा पुरवठा आपोआप बंद पडतो. मग बसगाड्या जागच्या जागी उभ्या राहतात आणि डेपो मॅनेजरचं ब्लडप्रेशर चढतं. त्या महिन्यात हे जवळपास रोजचंच झालं होतं.

मॅनेजरने त्यावर उपाय आणला होता. उपायाचं नाव मौनबाबा. नाव मौनबाबा, पण तोंड असं की सकाळी उघडलं की झोपेपर्यंत मिटत नसे.

"हायड्रोजनला रंग नाही, रूप नाही, गंध नाही," बाबा शेडमध्ये फेऱ्या मारत सांगत होता. "ज्याला रूपच नाही त्याला लोखंडाचं यंत्र काय ओळखणार? अरूपाला अरूपच ओळखतं. तुमचे भोंगे का ओरडतात? वायू दुःखी आहे म्हणून ओरडतात. त्याला शांत करा, भोंगा शांत होईल."

मी त्या गर्दीत होते, कारण माझा धाकटा भाऊ तिथे गॅस भरायच्या कामावर होता आणि मुलीची वेणी घालायच्या घाईत डबा घरी विसरला होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. वायू दुःखी असतो हे मला नवीनच कळलं.

बाबाने डोळे मिटले, अत्तराने घमघमणारा उजवा तळहात पुढे धरला आणि एका पाइपच्या जोडापाशी थबकला. फोरमनने हातातलं गॅस हुंगायचं छोटं यंत्र बाबाच्या तळहाताजवळ नेलं. यंत्र किंचाळलं. गर्दीतून "आहा" असा एकच आवाज उठला. मग बाबाने कनवटीची डबी काढली, तिच्यातलं गुलाबी मलम जोडाला फासलं, फोरमनच्या यंत्राच्या तोंडाला फासलं, आणि शिडी लावून छताखालच्या एकेका सेन्सरलाही फासलं. हे सगळं करताना तोंडाची टकळी चालूच होती. तो शिडीवरून उतरला आणि थोड्या वेळाने भोंगा थांबला. लोक चपला काढून उभे राहिले. मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या भावाच्या डोळ्यांत मात्र हसू होतं. त्याने सरळ विचारलं, "बाबा, तपासणीचा गॅस देऊन बघू का? यंत्र चालतंय की नाही तेवढं कळेल." तपासणीचा गॅस म्हणजे छोट्या बाटलीतला, मोजून मिसळलेला हायड्रोजन. तो सेन्सरच्या तोंडाशी सोडला आणि भोंगा वाजला तर सेन्सर जिवंत. दर आठवड्याला करायचं काम आहे ते.

बाबाने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने भर सभेत शिवी दिली. "याच्या मनात किंतू आहे," तो मॅनेजरला म्हणाला. "किंतू असेल तिथे माझी शांती टिकत नाही."

झालं. तपासणीचा गॅस बंद. किंतू नको म्हणून हातातली यंत्रं कुलूपबंद. आणि त्याहून वाईट म्हणजे झाडू बंद.

झाडूचं सांगायला हवं. हायड्रोजनची ज्योत भर उन्हात दिसत नाही. धूर नाही, आणि अगदी जवळ जाईपर्यंत नीटशी धगही लागत नाही. म्हणून या डेपोतल्या जुन्या लोकांनी एक रीत पाडली होती. शेडमध्ये शिरणाऱ्याने लांब दांड्याचा गवती झाडू पुढे धरून चालायचं. झाडू पेटला तर तिथे ज्योत आहे, मागे फिरायचं. आधी झाडू, मग माणूस, असं ते नव्या पोरांना शिकवत. बाहेरचे हसायचे, पण या झाडूने कितीतरी हात वाचवले होते. बाबा म्हणाला, झाडू ही अविश्वासाची खूण आहे. मॅनेजरने झाडू अडगळीत टाकायला लावले.

त्या दिवसापासून भोंगा एकदाही वाजला नाही. गाड्या वेळेवर सुटू लागल्या. बाबाचा फोटो केबिनमध्ये लागला.

आणि एका लख्ख दुपारी माझा भाऊ शेडमध्ये शिरला, नेहमीसारखे दोन्ही हात पुढे करून नळी काढायला गेला, आणि रिकाम्या हवेत त्याचे हात भाजून निघाले. जोडाचं वायसर झिजलं होतं, गॅस कधीचा गळत होता, कुठल्याशा ठिणगीने तो पेटला होता आणि शांतपणे जळत होता. भोंगा गप्प. झाडू अडगळीत. त्याला काही दिसलंच नाही. तो सांगतो, आधी वाटलं कुणी हातांवर उकळतं पाणी ओतलं, म्हणून त्याने वर बघितलं.

बाबा दुसऱ्या दिवशी डेपोत आला आणि म्हणाला, "किंतू होता ना त्याच्या मनात. भोवला."

हे वाक्य मला दवाखान्यात माझ्या भावजयीने सांगितलं. रागाने सांगितलं असतं तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती पटल्यासारखं सांगत होती. "वन्सं, बाकी इतके लोक रोज त्याच शेडमध्ये जातात, त्यांना काही झालं नाही. यांनाच का?" तिच्या हातात बाबाची गुलाबी डबी होती. भाजलेल्या हातांना लावायला दिली होती म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डबी तिच्या हातातून काढून घेतली. पण खरा घाव पुढेच होता. पलंगावरून भाऊ हळू आवाजात म्हणाला, "ताई, तिचं खरं असेल. चूक माझीच असेल."

दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. बोटं हलतील की नाही डॉक्टर सांगायला तयार नव्हते. आणि हा माणूस स्वतःला दोष देत होता. मी तिथल्या तिथे ठरवलं. मला न्याय वगैरे नको होता. न्याय मिळेल तेव्हा मिळेल. मला सूड हवा होता.

सुडाची पहिली किल्ली त्याच खोलीत सापडली. डेपोतून भावाच्या लॉकरमधलं सामान आलं होतं. त्यात त्याचं हातातलं यंत्र होतं. कुलूपबंद असल्यामुळे त्याला बाबाचा हात लागला नव्हता. ते चालू करून मी सहज टेबलावर ठेवलं आणि पलंगाजवळ जायचं म्हणून दाराशी लावलेल्या बाटलीतलं जंतुनाशक तळहातांवर चोळलं. ते लावल्याशिवाय नर्स आत सोडत नसे. हात यंत्रावरून गेला आणि यंत्र किंचाळलं. भाऊ दचकून उठला. मी हात दूर नेला, ते थांबलं. जवळ नेला, पुन्हा ओरड. खोलीत हायड्रोजनचा कण नव्हता. जंतुनाशकात स्पिरिट असतं. हवेत जळणारी कुठलीही वाफ दिसली की हे यंत्र ओरडतं, मग ती हायड्रोजनची असो की स्पिरिटची. बाबाच्या तळहाताला नेहमी अत्तराचा घमघमाट असे. असल्या स्वस्त अत्तरातही स्पिरिटच. बाबाला कधी गळती सापडलीच नव्हती, यंत्राला बाबाचा हात सापडत होता.

दुसरी किल्ली होती डबी. एक ओळखीची बाई आहे, सेन्सर बसवणाऱ्या कंपनीत तंत्रज्ञ. पूर्वी तीच या डेपोत तपासणीला येई. मी तिला डबी दाखवली. तिने बोटाला लावून चोळलं, नाकाशी नेलं, आणि कपाळाला हात लावला.

"बाई, हे गाडीच्या डॅशबोर्डला लावायचं पॉलिश आहे. सिलिकॉनचं. रंग आणि वास वरून घातलाय."

तिने मग नीट समजावलं. सेन्सरच्या आत एक बारीक मणी असतो. हायड्रोजन त्या मण्यावर जळतो, मणी तापतो, आणि तापला की भोंगा वाजतो. सिलिकॉनचा मण्यावर थर बसला की त्यावर काहीच जळत नाही. सेन्सर बाहेरून जसाच्या तसा दिसतो, हिरवा दिवाही लुकलुकत राहतो, पण आतून मेलेला असतो. मी शाळेच्या प्रयोगशाळेत थोडं मलम बशीत जाळून पाहिलं. मेण किंवा तेल असतं तर काजळी उरली असती. बशीत उरली पांढरी, वाळूसारखी पूड. सिलिकॉन जळलं की हीच पूड राहते.

आणि तो पहिल्या दिवशीचा भोंगा? तो आपोआपच थांबणार होता. पुरवठा बंद पडला होता. हायड्रोजन हवेपेक्षा कितीतरी हलका, छताच्या फटींतून तो थोड्या वेळात निघून जातोच. बाबाने फक्त तेवढा वेळ बडबड केली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी तसं ते होतं, फक्त इथे फांदी केव्हा तुटणार हे कावळ्याला ठाऊक होतं. कारण मौनबाबा होण्याआधी हा माणूस डेपो-डेपोत पॉलिशच विकत फिरायचा. एकदा कुठल्याशा शेडमध्ये भरपूर पॉलिश उडवलं आणि पुढे तिथला भोंगा वाजलाच नाही, एवढं त्याने पाहून ठेवलं होतं. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एकाने हे मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

हे सगळं घेऊन मी मॅनेजरकडे जाऊ शकले असते. गेले नाही. त्याने कानांवर हात ठेवले असते, बाबा दुसऱ्या डेपोत गेला असता आणि माझा भाऊ जन्मभर किंतू किंतू करत बसला असता. मला हे चारचौघांत हवं होतं.

म्हणून भाऊ दवाखान्यातून घरी आल्यावर मी बाबाच्या पाया पडले. हो, मी पडले. रडवेलं तोंड करून म्हणाले, आमचं घर चुकलं, भावाने शंका घेतली, आता तुम्हीच सगळ्यांसमोर एकदा शांती करा म्हणजे त्याला मनाने उभारी येईल. बाबा विरघळला. स्तुतीला असा पाघळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचा घमघमाट नाकात शिरला, पण मी मान खालीच ठेवली.

अग्निशमन दलाचा अधिकारी माझा जुना विद्यार्थी. मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी चिडला, मग म्हणाला, "करायचंच तर माझ्या देखरेखीखाली. आवार मोकळं असेल, दोराच्या आत मोजकी माणसं, छोटं सिलिंडर, आणि झडपेवर हात माझा." बाबाचा हात पुढे झाला की मी हात वर करून इशारा करायचा आणि तो झडप बंद करणार, असं ठरलं. ठरल्या दिवशी सकाळी त्याच्यासमोर आणि मॅनेजरसमोर आम्ही खोक्यातून नवा कोरा सेन्सर काढला. तंत्रज्ञ बाईने तपासणीचा गॅस दिला, तो वाजला. मग बाबाच्या डबीतलं मलम त्याला फासलं, वर दिसणारा गुलाबी थर पुसून काढला आणि तो झाकून ठेवला. मॅनेजर तेव्हाच घामाघूम झाला होता. त्याला सांगितलं, तोंड उघडलंत तर पुढचं पोलीस विचारतील.

भर दुपारी पुन्हा तीच गर्दी. भावजय पहिल्या रांगेत हात जोडून. भाऊ तिच्याशेजारी, दोन्ही हातांत दवाखान्याने दिलेले घट्ट हातमोजे, बोटं अर्धवट मिटलेली. आवाराच्या मध्यभागी एका खांबाला बारीक नळी बांधली होती. नळीचं तोंड उन्हात चमकत होतं. तोंडाला ज्योत होती, वीतभर लांब, आणि ती कुणालाच दिसत नव्हती. नळीच्या वर, थोडा बाजूला, ज्योतीची धग लागणार नाही असा तो सेन्सर, हिरवा दिवा लुकलुकत. सिलिंडरच्या फुसफुशीवर बसच्या इंजिनाचा आवाज मुद्दामच चढवला होता.

मी बाबाला म्हणाले की सेन्सर खोक्यातून आजच काढलाय, गळती आहे की नाही ते तुम्ही सांगा.

आणि काय झालं बघा. बाबाने डोळे मिटले, पण पापण्यांच्या फटीतून त्याने आधी सेन्सरकडेच पाहिलं. अरूपाला ओळखणारा हा माणूस त्याच लोखंडाच्या यंत्रावर अवलंबून होता. भोंगा गप्प. हिरवा दिवा चालू. त्याला वाटलं सेन्सर नवा आहे, म्हणजे खरा आहे, म्हणजे गॅस नाही. स्वतःच्या थापेला तो स्वतःच बळी पडला.

"इथे शांती आहे," तो म्हणाला.

"मग हात लावून आशीर्वाद द्या," मी म्हणाले.

त्याने उजवा हात पुढे केला. तोच हात. अधिकारी माझ्याकडे बघत होता. माझा हात वर जायला हवा होता. गेला नाही. मी हे लपवणार नाही. मला ते बघायचं होतं. त्याची बोटं नळीकडे सरकत होती आणि माझ्या मनात फक्त भावाचे हात होते.

तेवढ्यात दोराखालून कुणीतरी आत घुसलं. माझा भाऊ. नळी आणि सिलिंडर बघून त्याने सगळं ओळखलं होतं. डेपोतल्या जुन्या माणसांपैकी कुणाचा तरी झाडू त्याने दोन्ही कोपरांत आवळून धरला होता, आणि तो बाबाच्या हाताच्या आणि नळीच्या मधे खुपसला. झाडू रिकाम्या हवेत भक्कन पेटला. बाबा किंचाळून मागे उडाला आणि बुडावर आपटला. अधिकाऱ्याने झडप बंद केली.



भाऊ जळता झाडू वाळूत दाबत माझ्याकडे वळला. "ताई, त्याचे हात गेले असते तर माझे परत आले असते का?"

मी त्याच्या कोपरांतून झाडू काढून घेतला. 

पण पुढचं मी व्यवस्थित केलं. मेलेला सेन्सर सगळ्यांना दाखवला, सकाळी त्याला बाबाचंच मलम फासलं होतं हे सांगितलं. तंत्रज्ञ बाईने त्याच्या तोंडाशी तपासणीचा गॅस सोडला, तो गप्पच. नव्या, मलम न लावलेल्या सेन्सरला सोडला, तो गर्जला. मग शिडी लावून तिने शेडमधले बाबाने शांत केलेले सेन्सर तपासले. एकेकाला गॅस देत गेली. एकही वाजला नाही. जे लोक महिनोन् महिने त्या छताखाली निर्धास्त काम करत होते, त्यांच्या पाचावर धारण बसली. मी जंतुनाशकाची बाटली मागवली, माझ्या तळहाताला चोळली, आणि भावाचं यंत्र माझ्या रिकाम्या हातावर ओरडवून दाखवलं. मग म्हणाले, "हात सगळ्यांचेच दिव्य असतात, अत्तर लावलं की."

फोरमन हसला नाही. तो बाबाकडे चालत गेला आणि त्याच्या कनवटीतून डबी ओढून काढली. लोक पुढे सरसावले. अधिकाऱ्याने आणि माझ्या भावानेच त्यांना अडवलं, नाहीतर त्या दिवशी बाबाचं काही खरं नव्हतं. बाबा पुटपुटत होता की मला माहीत नव्हतं, मी फक्त भोंगा बंद करायचो. पोलिसांनी नेताना तो पहिल्यांदा खरोखर गप्प होता. मॅनेजरची चौकशी लागली.

भावजय त्याच्यापाशी आली. त्याच्या मोज्यांतले हात तिने स्वतःच्या कपाळाला लावले आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही बरोबर विचारलं होतंत. मीच ऐकलं नाही." तो रडला. दवाखान्यात, हातावरची कातडी काढताना तो रडला नव्हता.

बाबाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. त्याला शिक्षा होईल तेव्हा मी कोर्टात पहिल्या रांगेत बसेन. पण त्या गर्दीला, म्हणजे तुम्हाला आणि मला, दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाबाला चमत्कार करावाच लागला नाही. आम्हाला कटकट नको होती, भोंगा नको होता, उशीर नको होता, आणि जो कुणी ही कटकट बंद करून देईल त्याला देव म्हणायला आम्ही तयार होतो. सेन्सरची ओरड ही कटकट नाही, तेच त्याचं काम आहे. ते गप्प झालं की निर्धास्त होऊ नका, आधी ते जिवंत आहे का ते तपासा. ज्याला तपासलेलं चालत नाही असा माणूस असो की मलम असो, त्याला दारातच अडवा. आणि गर्दीतला कुणी एक जण हसून साधा प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला गप्प करू नका. माझ्या भावाचा प्रश्न त्या दिवशी ऐकला असता तर आज त्याच्या मुलीची वेणी त्यानेच घातली असती.